हिंग शेवटी का येतो

इंदूरच्या मारोठिया बाजारात मसाल्याच्या दुकानात उभी होते. धने झाले, जिरं झालं, जिरावण झालं, आणि पुढची वस्तू तोंडातून बाहेर पडेना. डोळ्यांसमोर दिसत होती, वासही जणू नाकात होता. नाव मात्र गायब. "भैया, वो... जो तडके में डालते हैं, तेज़ खुशबूवाला." "भाभीजी, मेथीदाना?" "नहीं." "राई?" मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली. अठरा वर्षं मी डबे करते, दिवसाला निदान चार वेळा तरी फोडणीत घालते, आणि मला 'हिंग' म्हणता येईना. रिक्षात बसले, जवाहर मार्ग ओलांडला आणि नाव आपोआप आलं. तेव्हा मी ४९ वर्षांची होते.

त्याच महिन्यात दुसरी चूक झाली. ही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कोचिंगच्या मुलांचे ३१ डबे जातात आमच्याकडून, त्यात सात जैन मुलं. एकाच्या डब्यात कांद्याची भाजी गेली. पोरगा बिचारा अदबीनं फोनवर म्हणाला, "आंटी, आज प्याज था." रात्रभर झोप लागली नाही. आमची आजी शेवटी शेवटी सगळं विसरली होती, मलाही ओळखत नव्हती. माझी सुरुवात झाली की काय, हेच डोक्यात.

नव्हती झाली. पाळी जाण्याच्या काळातला विसराळूपणा होता तो. आता ५२ पूर्ण झालीत, पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि गाडी बरीचशी रुळावर आहे. या तीन वर्षांत काय केलं आणि काय उगाच केलं, ते लिहिते. नणंदेनं पुण्याहून फोन करून विचारलं, "वहिनी, मला पण शब्द आठवत नाहीत गं, काय करू?" तिला फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगून कंटाळले.

आधी एक समजून घ्या, म्हणजे भीती निम्मी होते. बारा महिने सलग पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं. पण गडबड त्याच्या चार-पाच वर्षं आधीच सुरू होते. एस्ट्रोजन हे बायकांचं हार्मोन काही सरळ उतरत नाही, झोक्यासारखं वरखाली होत जातं. ते फक्त गर्भाशयाचं काम बघतं असं आपल्याला वाटतं, पण मेंदूत नवीन गोष्टींची नोंद जिथे होते त्या हिप्पोकॅम्पसवरही त्याचा हात असतो, आणि लक्ष धरून ठेवणाऱ्या कपाळामागच्या भागावरही. मी असं समजते की दफ्तरखाना शाबूत आहे, फक्त नोंद करणारा कारकून पेंगतोय. लग्नात कोणी कोणती साडी नेसली होती ते मला आजही सांगता येतं. सकाळी गॅस बंद केला की नाही, ते नाही.

अमेरिकेत दोन हजारांवर बायकांना चार वर्षं पुन्हापुन्हा तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडला गेला. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर असताना नवीन शिकण्याचा वेग मंदावतो, आणि पाळी पूर्ण गेल्यावर तो पूर्वपदावर येतो. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दवाखान्यातच रडले. तेव्हा या काळात आपल्याला करायचं इतकंच, की कारकुनाला जागं ठेवायचं आणि त्याच्यासमोर एका वेळी एकच कागद ठेवायचा.

आधी रक्त, मग बदाम

सगळ्यात मोठी चूक मी ही केली, की आठ महिने सगळं पाळीवर ढकललं. जायच्या आधी पाळी वर्षभर भरमसाट येत होती. दर वेळी सात-आठ दिवस, दुप्पट-तिप्पट कपडे. कमरेवर हात ठेवून पोळ्या लाटायच्या, धाप लागायची, डोकं जड. मी सकाळी भिजवलेले बदाम सोलून खात होते आणि वाट बघत होते. शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४ आणि बी-१२ पार तळाला. मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळत नसेल तर तुम्ही कितीही बदाम खा.

म्हणून हे करून घ्या: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (साठवलेलं लोह), टीएसएच म्हणजे थायरॉइड, बी-१२, साखर, आणि रक्तदाब मोजून घेणं. थायरॉइड मंदावला की विसराळूपणा, थकवा, अंग जड होणं, सगळं अगदी पाळीच्या काळासारखंच दिसतं. बी-१२ आपल्यासारख्या शाकाहारी घरांत कमी असतंच. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर आणखी खाली जातं. आणि पाळी फार जास्त येत असेल तर ती तशीच येऊ देऊ नका. त्याचा इलाज करून घ्या, बायका फार सोसतात यात.

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा तासाभरानं. आता ती रोज आठवायची कशी? आमच्या कॉलनीत कचरागाडी सकाळी सातला येते, गाणं वाजवत. इंदूरमध्ये घड्याळ बंद पडेल पण कचरागाडी चुकणार नाही. ते गाणं ऐकू आलं की आधी गोळी, मग ओला-सुका डबा घेऊन खाली. एकदाही चुकलं नाही. 'सकाळी गोळी घ्यायची' असं ठरवलं की विसरायला होतं. 'अमुक आवाज आला की गोळी' असं ठरवलं की तो आवाजच हात धरून नेतो. तुमच्याकडे दुधवाल्याची हाक असेल, शाळेची घंटा असेल, काहीही चालेल. अट एवढीच, की ते तुमच्या मर्जीवर नसलं पाहिजे.

रात्र

तीन वाजता उठून बसायचं. मान, छाती घामानं भिजलेली, पाच मिनिटांत थंडी. असं रात्रीत चारदा. दिवसभरातलं जे शिकलेलं असतं ते झोपेत पक्कं होतं, म्हणजे झोपेचे असे तुकडे पडले की आदल्या दिवसाची नोंद अर्धी पुसली जाते. विसरण्याचा हिशोब मी मांडला, तर ज्या दिवशी चूक झाली त्याच्या आदल्या रात्री घाम आलेला असायचाच. कांद्याच्या भाजीच्या आदल्या रात्रीही.

मी काय बदललं? रात्रीच्या जेवणातून हिरवी मिरची गेली. दुपारी तीननंतर चहा बंद. हे सगळ्यात जड गेलं, सहाचा चहा म्हणजे आमच्याकडे संध्याकाळच. जाड चादर काढून दोन पातळ सुती चादरी, म्हणजे एक फेकता येते. उशाशी पाण्याचा तांब्या. सराफ्यात (सोनारांचा बाजार, रात्री तिथे खाऊगल्ली भरते) अकराला जाऊन गराडू म्हणजे तळलेला कंद खाणं फक्त पाहुणे आले की. आणि एक गोष्ट केली नाही: शेजारीण झोपेची गोळी देत होती, ती घेतली नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप येते पण नवीन आठवणी मुरत नाहीत, आणि सुटता सुटत नाहीत. सर्दी-खाजेच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्याही रोज घेतल्या तर डोकं धुरकट करतात. नवरा म्हणतो तुम्ही घोरायला लागलात, तर तेही हसण्यावारी नेऊ नका. पाळी गेल्यावर बायकांनाही झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास वाढतो.

तरी घाम थांबेना, तेव्हा मी हार्मोनचा उपचार घेतला. त्याआधी डॉक्टरांनी मॅमोग्राफी करवली, रक्तदाब बघितला, घरात स्तनाचा कर्करोग, पायात रक्ताच्या गुठळ्या वगैरे विचारलं. इथे नीट लक्ष द्या: मी तो घामासाठी घेतला, स्मरणासाठी नाही. स्मरणशक्ती वाढवायला हा उपचार देत नाहीत. ६५ च्या पुढच्या बायकांना तो सुरू करून बघितला तेव्हा स्मृतिभ्रंशाचा धोका उलट दुपटीच्या आसपास वाढलेला दिसला; ते २००३ मध्ये जाहीर झालं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, कडक लक्षणांसाठी, तपासून, हा वेगळा हिशोब आहे. घाम थांबला, झोप आली, डोकं आपोआप सुधारलं. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी घामावर दुसरी औषधं आहेत. विचारा, लाजू नका.

डब्यांचा फळा

आता माझ्या स्वयंपाकघरात या. फ्रीजशेजारी एक काळा फळा आहे, मुलाच्या लहानपणचा. कोणाला कांदा नाही, कोणाला वांगं चालत नाही, कोणाचा गुरुवार, सगळं आधी माझ्या डोक्यात असायचं आणि त्याचा मला फार तोरा होता. कांद्याच्या प्रकारानंतर सात जैन डब्यांना पिवळी रिबीन बांधली आणि फळ्यावर पिवळ्या खडूनं सात नावं लिहिली. आता त्यात डोकं लावायचंच नाही.

पण सगळंच फळ्यावर गेलं तर डोकं रिकामं बसणार. म्हणून मी वाटणी केली. जे चुकलं तर दुसऱ्याचं नुकसान होईल ते लिहून ठेवायचं: कांदा, औषधं, पैसे, गॅस, भरायची बिलं. जे चुकलं तर फक्त हसू होईल ते डोक्यात ठेवायचं. रात्री ओटा पुसून झाल्यावर मी फळ्याकडे पाठ करून उभी राहते आणि उरलेली चोवीस नावं म्हणते, उद्याच्या भाजीसकट. मग वळून बघते. आधी आठवायचं, मग बघायचं. आधी बघून मग आठवलं तर तो व्यायाम होत नाही, ते नुसतं वाचन. पहिल्या आठवड्यात चौदा-पंधरावर गाडी अडायची. आता क्वचित एखादं राहतं, आणि ते नेहमी तेच एक.

नवं मूल लागलं की त्याचं नाव त्याच्या तोंडावर एकदा मोठ्यानं म्हणायचं, तासाभरानं मनात, रात्री फळ्यासमोर, दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी. हे अंतर वाढवत जाणं महत्त्वाचं. एकाच वेळी दहादा घोकून काही होत नाही.

गॅसचं मात्र वेगळं. रोज तीच खुंटी तशीच फिरवतो, त्यामुळे आजचं फिरवणं आणि कालचं फिरवणं मेंदूला एकसारखंच वाटतं. मग जिन्यात उभं राहून घालमेल. म्हणून मी बंद करताना मोठ्यानं म्हणते, "आज गवार, गॅस बंद." उद्या "आज दुधी, गॅस बंद." भाजीचं नाव जोडलं की आजची नोंद कालच्यापासून वेगळी होते. रिक्षात बसल्यावर 'गवार' आठवलं की निश्चिंत. कामवाल्या मावशींना आधी वाटलं मी गॅसशी बोलते.

चाबीला (पुण्याची मंडळी हसतात, आम्ही इंदूरवाले चाबीच म्हणतो) एकच खुंटी. चष्म्याला एकच ताटली. यात बुद्धी खर्च करू नये. आणि फोडणी करताना फोन घ्यायचा नाही. मोहरी तडतडताना नणंद बोलत असेल तर ना मोहरीकडे लक्ष ना नणंदेकडे, आणि नंतर आपण म्हणतो 'विसरले'. विसरले कुठे, कानात शिरलंच नव्हतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलात आणि कशाला आलो ते आठवेना, तर तिथे उभं राहून कपाळ चोळू नका. मागे फिरा, जिथून निघालात तिथे उभ्या राहा. नव्वद टक्के वेळा मला तिथेच सापडतं.

बाजाराची यादी मी आता राजवाड्यावर ठेवते. म्हणजे असं. लहानपणापासून पायाखालचा रस्ता घ्यायचा आणि त्यावर ओळीनं एकेक जिन्नस चमत्कारिक करून मांडायचा. माझा रस्ता कृष्णपुरा छत्रीपासून. छत्रीच्या पायऱ्यांवर गुळाच्या ढेपा वितळून ओघळताहेत. राजवाड्याच्या दरवाजाला तोरण आहे आमसुलांचं. समोरच्या बागेत अहिल्यादेवींच्या पुतळ्यापाशी तांदळाचं पोतं फुटलंय आणि कबुतरं तुटून पडलीत. गोपाळ मंदिरातली घंटा म्हणजे अख्खा नारळ, ओढली की पाणी. सराफ्यात सोन्याच्या काट्यावर पोहे तोलताहेत. आणि कांच मंदिरात शिरलं की सगळ्या आरशांत हिंगाच्या डब्याच डब्या, हजारो. मी दुकानात उभी राहून मनात तो रस्ता चालते. जितकं वेडगळ तितकं टिकतं. कांच मंदिरात हिंग कायमचाच ठेवलाय, तो काढत नाही.

आणि तोंडावर आलेलं नाव आलं नाही तर? कुस्ती खेळू नका. जितकं ओढाल तितका चुकीचा शब्द पुढे येऊन दार अडवतो, मला 'मेथीदाना'च ऐकू येत राहिला होता तसं. मी मुळाक्षरं म्हणत जाते, क, ख, ग. अक्षर लागलं की शब्द टुणकन येतो. हिंगाच्या बाबतीत माझं नशीबच खोटं, 'ह' पार शेवटाकडे. त्यानंही आलं नाही तर दुसरं काम घ्यायचं.

पाय आणि मोडी

चालणं. आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल असं, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पन्नाशी-साठीच्या पुढच्या १२० जणांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायला लावलं, तर त्यांचा हिप्पोकॅम्पस दोन टक्के वाढलेला दिसला. उरलेल्यांचा नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करून आकसला. मला वाटायचं दिवसभर ओट्याशी उभी असते, पाच किलो कणीक मळते, आणखी काय चालायचं? पण ते उभं राहणं, चालणं नव्हे. संध्याकाळी कॉलनीच्या बागेच्या आठ फेऱ्या.

शब्दकोडी मी दोन वर्षं सोडवली. त्यानं शब्दकोडी छान सुटायला लागली, बाकी काही नाही. येत असलेलंच पुन्हा करून फारसं पदरात पडत नाही; रोजचं पाठ स्तोत्र म्हणताना मनात भाजीचा विचार चालू असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नवीन आणि जरा जाचक असं काही घ्या. मी मोडी शिकतेय. होळकरांच्या दरबाराची दफ्तरं मोडीत, आणि आमच्या माळ्यावर आजोबांची किराण्याची एक वही. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची. पहिले दोन महिने मला सगळी अक्षरं शेवयांसारखी दिसत होती. आता वहीत 'गूळ' वाचता येतो. मग पावकी-निमकी, सवायकी (पाव, अर्धा, सव्वाचे जुने पाढे) पुन्हा पाठ करायला घेतली, कारण आजोबांचे हिशोब तिच्याशिवाय लागतच नाहीत.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. दिरांनी अमेरिकेहून जिंको (स्मरणशक्तीसाठी म्हणून विकतात ती झाडाच्या पानांच्या अर्काची गोळी) आणून दिली होती. तीन हजारांवर वयस्कांवर वर्षानुवर्षं बघून २००८ मध्ये लिहिलंय, की तिनं स्मृतिभ्रंश टळत नाही. डबी तशीच पडून आहे. अक्रोड खा, आवडतात म्हणून. त्यापेक्षा कान तपासा. मिक्सर चालू असताना अर्धी वाक्यं पोचत नसतील तर आठवणार काय? २०२४ मध्ये वैद्यकीय तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, एकटेपणा आहे. तीन साड्यांच्या किमतीत हे सगळं तपासून होतं.

डॉक्टरांकडे धाव कधी घ्यायची? साबुदाणा भिजवायला विसरणं हा या वयाचा प्रकार. भिजलेला साबुदाणा समोर आहे आणि खिचडीची सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, हा तो नव्हे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारणं, नोटा मोजता न येणं, किंवा आपल्याला काहीच वाटत नाही पण घरचे घाबरलेत, असं असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, वय कितीही असो.

शेवटचं, घरच्यांसाठी. मी शब्द शोधत असले की तो पटकन पुरवू नका, दहापर्यंत मोजा, मला शोधू द्या. पुरवला की मी शोधणं सोडते आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच अडते. हे मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. मुलगा ऐकतो. अहो बोटांवर मोजायला सुरुवात करतात खरे, पण चार-पाच झाले की राहवत नाही, आणि काहीही शोधत असले तरी विचारतात, "हिंग का?"